बेचाळीस माणसांचं गाऱ्हाणं

राजिवड्याच्या धक्क्यावर त्या रविवारी सकाळी जे कोणी मासळी घ्यायला आले होते त्यांना वाटलं असणार, कुठलंतरी नमन मंडळ दौऱ्यावर निघालंय. पुरुषांच्या डोक्याला काळ्या टोप्या, बायका नऊवारीत, आणि धक्क्यावर ओळीने मांडलेल्या पत्र्याच्या एकोणतीस ट्रंका. वळकट्या वेगळ्या. माणसं मोजून बेचाळीस, आणि सगळी एकाच गावची.

ही सगळी डोकॅलिटी मृणालीची. मृणाली निवळखोलची लेक, ठाण्यात राहून सहली काढायचा धंदा करते. निवळखोल लांज्यापासून आत आठ किलोमीटर, चारी बाजूंनी कातळ आणि काजू. समुद्राशी गावाचा संबंध सुकटीपुरता. तिथल्या मुंबईकरांच्या मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून काहीतरी झोकात करायचं ठरलं, आणि मृणालीने ‘जुन्या बोटीची सफर’ काढली. आपले आजे-पणजे मुंबईहून बोटीने कसे यायचे, तसंच आपणही एक दिवस जायचं. तसेच कपडे, तशाच ट्रंका. राजिवड्याहून सकाळी निघायचं, रत्नदुर्गाला वळसा घालायचा, गणपतीपुळ्याला समुद्रातूनच हात जोडायचे, जयगडला जेवायचं आणि संध्याकाळी परत.

ट्रंका नुसत्या शोभेला आणा, असं तिने ग्रुपवर तीनदा लिहिलं होतं. पण रिकामी ट्रंक घेऊन घराबाहेर पडणं निवळखोलच्या माणसाला जमत नाही. कुणी तांदूळ भरले, कुणी नारळ, कुणी कुळथाचं पीठ. एका बाईने जयगडला दिलेल्या भाचीसाठी पाटा-वरवंटा आणला होता. बोटीवरचा खलाशी ती ट्रंक उचलायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

बोट हर्षदची. मूळची मासेमारीची. ह्या हंगामात त्याने तिला रंग दिला, वर ताडपत्री ताणली, खाली बाकडी ठोकली आणि माणसं फिरवायचं ठरवलं. ही त्याची पहिलीच फेरी. मासे सोडून माणसं भरतोय म्हणून राजिवड्यात त्याची टिंगल करणारे बरेच होते, आणि त्यातले निम्मे त्या सकाळी धक्क्यावर हाताची घडी घालून हजर होते.

“भरती साडेसातची व्हती,” त्याने मृणालीला बाजूला घेऊन सांगितलं. “नवाच्या आत खाडीचं तोंड ओलांडायला पायजे. थोडं मागंपुढं चालंल. पण नंतर वाळूच्या दांड्यावर पाणी ऱ्हात नाय, आणि ह्या ट्रंका बघतेस ना ताई.”

मृणालीने मान हलवली. पण निघणं तिच्या हातात नव्हतंच. ते होतं सखारामच्या हातात.

सखाराम बहात्तर वर्षांचा. सव्विसाव्या वर्षी बाप गेला, त्या दिवसापासून गावाचं गाऱ्हाणं त्याच्या तोंडी. पालखी उठायची असो, कुणाची बोअर मारायची असो, नवी गाडी दारात यायची असो. सखारामने हात जोडून ‘बा देवा म्हाराजा’ म्हटल्याशिवाय निवळखोलात काही हलायचं नाही. आवाज असा, की खालच्या वाडीतलं गाऱ्हाणं ऐकून वरच्या वाडीतला माणूस परसात उभ्या उभ्या ‘व्हय म्हाराजा’ म्हणून जायचा.

आणि गेल्या शिमग्याला हाच सखाराम अडकला. सगळा गाव उभा, होम पेटवायचा बाकी, आणि जाखमातेनंतर त्याला पुढचं नावच येईना. तोंड उघडं, हात जोडलेले, आणि डोक्यात नुसती वाळकी पानं. किती वेळ? त्याची बायको यमुनाबाई म्हणते एक मिनिट. त्याचा चुलतभाऊ सदू म्हणतो पाच. शेवटी सदूनेच मागून ‘पावणाई’ असं नाव सांगितलं, आणि ते देवळाच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

त्यानंतर वर्षभर गावात जे बिघडलं ते सगळं पावणाईच्या नावावर गेलं. नळपाण्याचा पंप जळला, देवीला विसरलात. एका घरचं ठरलेलं लग्न मोडलं, मुलीला दुसराच आवडत होता हे सगळ्यांना ठाऊक, तरी देवीला विसरलात. अखेर मंडळाचे अध्यक्ष आप्पा यांनी बैठकीत सांगून टाकलं, की सहलीला गाऱ्हाणं सखारामनेच घालावं. नीट झालं तर येत्या शिमग्यालाही तोच. नाहीतर सदू.

सदू अठ्ठावन्नचा, एस.टी.तून नुकताच निवृत्त झालेला, आणि सत्तावीसच्या सत्तावीस देवांची नावं त्याला पाठ. सखारामला त्याचा राग यायचा, आणि तो राग तो लपवायचाही नाही. त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. शेत मुलगा बघत होता, काजू सून बघत होती, गुरं विकून झाली होती. ह्या एका कामाला गाव अजून त्याच्या दारात यायचा. ते गेलं की आपण कोण? वेळेवर गोळ्या घेणारा एक म्हातारा. रात्री अंथरुणावर पडलं की हा विचार यायचा, आणि त्याला घाबरायला व्हायचं.

म्हणून दोन महिने तो काजूच्या बागेत जाऊन घोकत होता. समोर यमुनाबाई ओच्यात सत्तावीस काजूबिया घेऊन बसायची. एक नाव झालं की एक बी टोपलीत. बी ओच्यात उरली की पहिल्यापासून.

“अहो, आता माझ्यासुद्धा पाठ झाली,” ती एकदा वैतागून म्हणाली. “मीच घालते गाऱ्हाणं, तुम्ही भाकऱ्या करा.”

सखारामने तिकडे लक्ष दिलं नाही.

तर रविवारी सकाळी आठला सगळे बोटीत चढून बसले, आणि मानाचा नारळच नव्हता. नारळ होता आप्पांकडे, आणि आप्पांच्या गाडीचा टायर पालीला बसला होता. धक्क्यावर नारळांना तोटा नव्हता, ट्रंकांतच चाळीसेक होते, पण मानाचा नारळ तो मानाचा. आप्पा नऊला पाच कमी असताना आले, टोपी सारखी करत, आणि आल्या आल्या म्हणाले, “काय घाई हाय? अजून दिवस पडलाय.”

हर्षद म्हणाला, “पाच मिनिटांत आटपा, काय ते.”

सखाराम बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीपाशी उभा राहिला. नाळीकडे पाठ, तोंड मागे हर्षदच्या केबिनकडे, आणि मध्ये सगळी मंडळी त्याच्याकडे बघत हात जोडून. पहिल्या बाकड्यावर यमुनाबाई ओच्यात बिया घेऊन, आणि तिच्या शेजारी सदू. सदूच्या तोंडावर काहीच नव्हतं. ते काहीच नसणं सखारामला नीट दिसलं.

“बा देवा म्हाराजा,” त्याने सुरू केलं, “आज ही निवळखोलची लेकरं पाण्याच्या वाटंला लागलीत रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“बेचाळीस माणसं घेऊन निघालोय, ह्याच बोटीनं बेचाळीसच्या बेचाळीस ह्याच धक्क्याला परत आण रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

आवाज लागला. धक्क्यावरचे टिंगलखोरसुद्धा हाताची घडी सोडून उभे राहिले. मग देव सुरू झाले. गांगो, केदारलिंग, नवलाई. बिया टोपलीत पडत गेल्या. वाघजाई झाली, जाखमाता झाली, सखारामने श्वास घेतला आणि म्हणाला, “माझे आई पावणाई.” कुठे अडखळला नाही. व्हय म्हाराजा असं दणक्यात आलं की घारी उडाल्या. सत्तावीस नावं पुरी झाली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि यमुनाबाईचा ओचा रिकामा होता. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. झालं, असं ते पाहणं.

त्याच वेळी मागे केबिनच्या दारात हर्षदने हात वर केला. पंजा उपडा करून दोनदा खाली आणला. पाणी उतरतंय. नंतर मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. बाकी सगळ्यांची त्याच्याकडे पाठ होती. तो हात फक्त सखारामला दिसला.

तिथे थांबायला काही हरकत नव्हती. लेकरांना यश दे म्हणायचं, नारळ वाढवायचा, मोकळं व्हायचं. पण सखारामची नजर सदूवर गेली, आणि सदूच्या तोंडावर अजूनही काहीच नव्हतं. आत्ता आटोपतं घेतलं तर हा म्हणेल, पुढचं आठवलं नाही म्हणून गुंडाळलंन. हा एक विचार त्याच्या डोक्यात आला आणि तिथेच बसला.

मग सखाराम सुटला. गावच्या देवांनंतर वाटेतले देव घेतले. भाट्ये, मांडवी, किल्ल्यावरची, पुळ्याचा, जयगडचा. मग सुनांच्या माहेरचे देव. बायका खूश झाल्या, आणि एक म्हणाली, “दादा, आमची सोमजाई ऱ्हायली,” तर तीही घेतली. मग बुरोंडीची कुणाची तरी आजी होती म्हणून तिकडचाही एक. मग माणसं नावानिशी घेतली. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचं म्हाडाचं घर. बेचाळीसातला एक जण सोडला नाही. हर्षद दारात उभा होता. दोनदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलू नये, हे राजिवड्यातही आया पोरांना शिकवतात.

दहाला पाच कमी असताना नारळ वाढवला. प्रसाद वाटण्यात पंधरा मिनिटं गेली, कारण बोटीच्या मागच्या टोकाला बसलेल्यांना खोबरं पोचलं नव्हतं आणि ते पोचल्याशिवाय निघायचं नाही असं ठरलं. लोक सखारामच्या पाया पडले. आप्पा म्हणाले, “सख्या, बापाची आठवण करून दिलीस.” सखारामच्या डोळ्यांत पाणी आलं. सदू नुसता म्हणाला, “लांबलं जरा.”

दहा वाजून दहा मिनिटांनी बोट सुटली, आणि वीस मिनिटांनी रुतली.

आवाज मोठा झाला नाही. खाडीच्या तोंडाशी बोटीखाली कुणीतरी पोतं ओढल्यासारखं खरखरलं, सगळे थोडे पुढे सरकले, आणि बोट थांबली. इंजिन घुमत राहिलं. डाव्या हाताला भाट्याचा किनारा, सुरूची झाडं, उजव्या हाताला मांडवी. ज्या धक्क्यावरून निघाले तो मागे वळून पाहिलं तर दिसत होता.

“आलं का गणपतीपुळं?” एका म्हातारीने विचारलं.

हर्षदने मागे घेऊन पाहिलं, पुढे घेऊन पाहिलं, बायकांना एका बाजूला बसवून पाहिलं. मग इंजिन बंद केलं. “आता पाचाला,” तो म्हणाला. “भरती चढली की उचलंल.”

मृणालीने जयगडच्या खानावळीला फोन लावला. बेचाळीस पापलेटं तळायला घेतली होती म्हणे. ती हळूच ट्रंकेवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अकरापर्यंत पाणी बरंच उतरलं आणि बोट एका बाजूला कलली. संडास होता तो नेमका उंच बाजूला गेला. तिथे जायचं तर बाकड्यांना धरून चढत जावं लागे. साडेअकराला भाट्यावर गर्दी जमली. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो लांज्याला पोचला, तिथून निवळखोलला, आणि तिथून परत बोटीत प्रत्येकाच्या मोबाइलवर आला. एकाचा जावई गाडी घेऊन भाट्यावर येऊन उभा राहिला आणि हात हलवू लागला. एक भेळवाला लेंगा गुडघ्याच्या वर खोचून पाण्यातून चालत आला. बोटीला टेकून त्याने बावीस भेळी विकल्या.

“तो आला तर आपण जाऊ शकतो,” मृणाली उठून म्हणाली. “दोन तासांनी इतकंही पाणी नसेल. गाड्या मागवते. सगळे भाट्यावर उतरू, कुठेतरी छान जेवू.”

कुणी हललं नाही.

“असं कसं जायचं?” आप्पा म्हणाले. “बेचाळीस माणसं ह्याच बोटीनं ह्याच धक्क्याला परत आण, असं देवाला सांगून निघालोय. मधीच उतरून गेलं तर तो काय म्हणंल?”

“अहो आप्पा, पण देवाला कळेल ना, बोट रुतलीय.”

“एकदा पावणाईला इसारलो तर काय झालं ते बघितलं ना वरीसभर?”

मृणालीने हातातला मोबाइल परत ठेवून दिला. जावई दुपारी एकपर्यंत हात हलवून कंटाळला आणि निघून गेला.

दांडा उघडा पडला तसे लोक वाळूवर उतरले, कारण बोटीपासून शंभर पावलं म्हणजे बोटीतच, असा निवाडा आप्पांनी दिला. हर्षदच्या सांगण्यावरून ट्रंका उतरवून वाळूवर ठेवल्या. ट्रंका उघडल्या, त्यातून भाकऱ्या निघाल्या, घावणे निघाले, कुळथाचं पिठलं बोटीवरून उतरवलेल्या स्टोव्हवर शिजलं, पाट्यावर चटणी वाटली गेली. पोरांनी वळकटीचा स्टंप करून क्रिकेट मांडलं. बायकांनी ओले पाय वाळूत रुतवून मुळे, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला सुरुवात केली, आणि ज्या बाईने जन्मात सुक्या मासळीपलीकडे काही पाहिलं नव्हतं तिने पदरभर शिंपल्या गोळा केल्या. खरं सांगायचं तर लोकांना मजा येत होती. मृणालीलाच ती दिसत नव्हती.

पण निवळखोलच्या माणसाला मजा येत असली तरी दोष कुणाचा हे ठरल्याशिवाय जेवण पचत नाही. जेवता जेवता ते ठरलं. दोष तांडेलाचा, म्हणजे बोट हाकणाऱ्या हर्षदचा.

“पाण्याचा अंदाज नाय म्हणजे काय?” सदू म्हणाला. “मी तीस वर्षं गाडी हाकली. रस्ता बघून हाकली.”

“पहिलीच फेरी हाय म्हणे त्याची,” दुसरा म्हणाला.

“आमच्या जिवाशी खेळ की हो हा. ग्रुपवर नाव टाका त्याचं, म्हणजे दुसरं कोण फसायचं नाय.”

हर्षद पलीकडे बोटीच्या तळाशी वाळू उकरत होता. तो सरळ झाला. “मी सांगितलं व्हतं,” तो म्हणाला.

“कधी?”

“गाऱ्हाणं चालू व्हतं तेव्हा. हात केला.”

“कोणी बघितलान?” आप्पांनी सगळ्यांकडे पाहत विचारलं. “तुम्ही कोणी बघितलात?”

कुणीच पाहिला नव्हता. हर्षदने सखारामकडे पाहिलं. क्षणभरच, आणि मग पुन्हा फावडं उचललं. सखारामच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्याने पिठल्यात बुडवला, तोंडात घातला आणि चावत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली.

यमुनाबाई शेजारीच होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचं चावणं कळत होतं.

“तुमचं तोंड त्याच्याकडं व्हतं,” ती खालच्या आवाजात म्हणाली.

सखारामने ताटली जवळ ओढली.

“व्हतं ना?”

“गप बस,” तो म्हणाला. ती गप्प बसली, पण त्याच्या ताटलीत पुढची भाकरी काही वाढली नाही.

दुपार तशीच गेली. लोक दोनदा येऊन सखारामला म्हणाले, गाऱ्हाणं काय झालं दादा, शिमग्याला असंच पायजे. हेच ऐकायला तो दोन महिने तरसला होता. आता प्रत्येक वेळी त्याची नजर बोटीच्या तळाशी जायची. पोरगा फावड्याने चर काढत होता, एकटा. खलाशी पाटा-वरवंट्याच्या ट्रंकेने कामातून गेला होता.

चार वाजता पाणी परतलं. आधी चरात आलं, मग पायाखाली, आणि मग एकदम सगळीकडून. ट्रंका पुन्हा चढवायच्या होत्या. त्या सकाळपेक्षा जड लागत होत्या, कारण अर्ध्या ट्रंकांत मुळे भरले होते. बायका चढल्या, म्हाताऱ्यांना उचलून वर घेतलं. लाटा बोटीच्या कुशीवर आपटू लागल्या. बोट कललेलीच, त्यात आता डुगडुगायला लागली, आणि दिवसभराची मजा कुठच्या कुठे गेली. एक पोर रडायला लागलं, त्याची आई रडायला लागली. आप्पा बाकड्याला घट्ट धरून म्हणाले, “देवाला परत सांगायला पायजे. नारळ काढा.”

हर्षद केबिनमधून ओरडला, “काका, पाया पडतो, बोट सुटली की लगेच दांडा ओलांडून आत घ्यायचीय. तासभर नाय माझ्याकडं.”

“तुला कोणी विचारलान?” आप्पा म्हणाले. “सख्या, बोल.”

सखाराम उठला. नाळ वर उचललेली, उभं राहायला जागा नाही, म्हणून त्याने एका हाताने ताडपत्रीचा बांबू धरला. एकच हात जोडायला मोकळा. समोर सकाळचीच माणसं, सकाळच्याच जागा, आणि मागे केबिनच्या दारात हर्षद. आता तो हातही करत नव्हता. नुसता बघत होता.

“बा देवा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“सकाळी सगळ्यांची नावं घेतलीत. परत घेत नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“ही बोट रुतली ती तांडेलामुळं नाय रुतली. त्याने मला हात केलान. येळ व्हता तेव्हा केलान. मी बघितला.”

इथे तो थांबला, आणि सवयीने मंडळी “व्हय म्हाराजा” बोलून गेली. आपण कशाला होकार दिला ते त्यांना मागाहून कळलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. लाटांचा आवाज तेवढा येत होता.

“बघून मी थांबलो नाय. मला सदूला दाखवायचं व्हतं.”

“व्हय म्हाराजा,” ह्या वेळी थोडी कमी माणसं बोलली.

“तुझ्या नावावर मी माझीच फुशारकी मारली. गावानं ह्या पोराला शिव्या घातल्या आणि मी भाकरी खात बसलो. चूक माझी हाय. त्याच्या बोटीला यश दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हे पुन्हा सगळ्यांचं होतं.

सखारामने बांबू बदलून धरला.

“आणि येत्या शिमग्यापासून गावाचं गाऱ्हाणं सदू घालील रे म्हाराजा.”

असं म्हणून तो थांबला. मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात त्याला वाटत होतं, ह्या वाक्याला लोक जरा दबकतील. आप्पा म्हणतील, असं नको सख्या. निदान एखादी बाई तरी गप्प राहील.

“व्हय म्हाराजा,” अख्खी बोट बोलली. सकाळपासूनचा सगळ्यात मोठा होकार होता तो, आणि त्यात यमुनाबाईचा आवाज वेगळा ओळखू येत होता. सखारामला ते लागलं. तो होता तिथेच, ट्रंकेवर बसला.

एकटा सदू बोलला नव्हता. तो मान खाली घालून पायाशी साचलेल्या पाण्याकडे बघत होता.

सव्वापाचला बोट उठली. आधी मागचा भाग हलला, मग सगळी बोट हळूच सरळ झाली, आणि इतका वेळ उंच बाजूला असलेल्या संडासाचं दार आपोआप उघडलं. हर्षदने इंजिन चालू केलं. आप्पा म्हणाले, बघितलात, देवानं ऐकलं. हर्षद पाच म्हणाला होता त्याचे सव्वापाच झाले एवढंच. बोट आत घेताना त्याने केबिनच्या खिडकीतून सखारामकडे पाहून एकदा मान हलवली. दुपारी ग्रुपवर कुणीतरी हर्षदच्या नावाने टाकलेला मजकूर मृणालीने कुणाला काही न विचारता काढून टाकला.

जयगड राहिलं, पुळं राहिलं, रत्नदुर्गाचा वळसा राहिला. राजिवड्याच्या धक्क्याला जायला वीस मिनिटं लागणार होती. बायका मुळ्यांचं काय करायचं ह्यावर बोलत होत्या. म्हाताऱ्यांचं मत पडलं की पूर्वीच्या बोटीलासुद्धा असाच उशीर व्हायचा, तेव्हा सफर अगदी जुन्यासारखी झाली.

सदू उठला, बाकड्यांना धरत धरत आला आणि सखारामच्या शेजारी ट्रंकेच्या कडेवर टेकला.

“शिमग्याला मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “पावणाईचं.”

“ठाव हाय,” सखाराम म्हणाला.

“नावं मला सगळी येतात दादा. घरी दार लावून म्हणून बघतो ना मी. पण तुझ्यासारखं लोकांकडून व्हय म्हाराजा येयाचं नाय. तू मधी थांबतोस, मग ते बोलतात. ते कधी थांबायचं ते मला कळत नाय. शिकवशील?”

सखारामने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा चेष्टा करतोय का, असं त्याला वाटलं. सदूचं तोंड आता सकाळसारखं कोरं नव्हतं. तो घाबरलेला होता.

“कधी थांबायचं, ते मी शिकवू?” सखाराम म्हणाला. “आजच्या दिवशी?”

यमुनाबाईला आधी हसू फुटलं. तिच्या पदरातले चार मुळे सांडले. मग सदू हसला, आणि मग सखारामलाही हसावं लागलं. हसताना त्याचे डोळे ओले झाले. ते त्याने टोपीने पुसले. पुढे धक्का दिसायला लागला होता. तिथे सकाळचेच लोक उभे होते, बेचाळीस माणसं परत येतात का ते मोजायला.

“मंगळवारी ये,” तो सदूला म्हणाला. “काजूत ये, सकाळचा. ऊन व्हायच्या आत.”